जुन्या झेरॉक्स मशीनचे पार्ट किती वर्षं मिळतात?

बहुतेक कंपन्या मॉडेलचं उत्पादन थांबल्यापासून साधारण 5 ते 7 वर्षं पार्ट देतात. ही मुदत तुमच्या बिलाच्या तारखेपासून मोजत नाहीत, आणि गफलत नेमकी इथेच होते. समजा, एका मॉडेलचं उत्पादन 2019 ला थांबलं आणि नाशिकमधल्या सातपूरच्या एखाद्या ऑफिसने तेच रिफर्बिश्ड (वापरलेलं, दुरुस्त करून पुन्हा विकलेलं) मशीन 2023 ला घेतलं. 7 वर्षांची मुदत धरली तरी हातात तीनच वर्षं उरली. म्हणून सेकंडहँड मशीनचा सौदा करण्याआधी पूर्ण मॉडेल नंबर देऊन उत्पादन कधी थांबलं आणि पार्ट कधीपर्यंत मिळतील, हे कंपनीकडून लेखी घ्या. एएमसीच्या (वार्षिक देखभालीच्या) करारातही ‘पार्ट न मिळाल्यास काय’ हे कलम हवंच.

ड्रम (ज्यावर छापायची प्रतिमा उमटते), तो पुसणारं ब्लेड, कागद ओढणारा पिकअप रोलर, फ्यूजरची (टोनर तापवून कागदावर पक्का करणाऱ्या भागाची) फिल्म यांचे कंपॅटिबल, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांनी बनवलेले पार्ट जास्त खपलेल्या मॉडेलसाठी नंतरही बाजारात मिळतात. खरी अडचण मेन बोर्ड, लेझर युनिट आणि पॅनेलची. ते सहसा बंद पडलेल्या मशीनमधूनच काढावे लागतात. तसं मशीन स्वस्तात मिळालं तर जरूर घेऊन ठेवा.

रबरी रोलरचा मात्र मोठा साठा करू नका. न वापरताही रबर कडक होतं, चकाकतं आणि कागद घसरतो. एकच जादा सेट पुरे. ड्रम काळ्या वेष्टनातच ठेवा, उजेडाने तो खराब होतो. नाशिकच्या पावसाळ्यात कागद अडकू लागला तर रोलर बदलण्याआधी नवीन, कोरडं रीम लावून पाहा. बरेचदा दोष ओलसर कागदाचाच असतो.