पोराचा फोटो टाकायच्या आधी : एका फोटोवाल्याचं ऐका

अमळनेरला माझा फोटो स्टुडिओ आहे. सुरू केला तेव्हा रोल होता, 36 फोटोंचा. निगेटिव्ह माझ्या कपाटात, प्रिंट गिऱ्हाइकाच्या अल्बममध्ये. कुठला फोटो कुठे आहे ते बोट दाखवून सांगता यायचं. आता बारशाला मी कॅमेरा काढेपर्यंत मामाच्या स्टेटसवर पाळण्याचे दहा फोटो चढलेले असतात.

पण मामाला कशाला नावं ठेवू, चूक माझ्याच हातून झाली. चार वर्षांपूर्वी एका ओळखीच्या घरचं जाऊळ होतं. पोरगं दीड वर्षाचं, डोकं नुकतंच भादरलेलं, रडून डोळे लाल. फोटो इतका बोलका आला की मी तो स्टुडिओच्या फेसबुक पानावर टाकला. आईबापाला विचारलं नाही. काही महिन्यांनी त्याच्या आत्याला सुरतला एका ग्रुपवर तोच फोटो आला : या बाळाला कॅन्सर आहे, मदत पाठवा, आणि खाली भलताच नंबर. भादरलेलं डोकं अन् रडके डोळे, पैसे उकळणाऱ्यांना आयतंच सापडलं. पोरगं इकडे ठणठणीत, अंगणात खेळत होतं. बापाने शिवी दिली नाही, नुसता मोबाइल माझ्यासमोर धरला. पान मी त्याच दिवशी साफ केलं, पण तो मेसेज मध्येच कुठूनतरी पुन्हा येतो.

तेव्हापासून गिऱ्हाइकांना जे सांगतो, तेच इथे लिहितोय.

फोटो टाकायच्या आधी पोराकडे बघू नका, मागे बघा. गणवेशावरचा शाळेचा बिल्ला, गळ्यातलं आयकार्ड, गाडीची नंबरप्लेट, दारावरची नावाची पाटी. झूम करा, वाचता येतंय का बघा. येत असेल तर कापा किंवा त्यावर ठिगळ लावा. मग खाली काय लिहिलंय ते वाचा. आपल्याकडे पोराचं नाव म्हणजे बापाचं नाव आणि आडनाव आलंच; वर ‘आज चार वर्षांचा झाला’ लिहिलं की जन्मतारीख आली, मामाला टॅग केलं की आईचं माहेर आलं. अनोळखी माणसाला शाळेच्या दारात पोराला नावाने हाक मारायला एवढं पुरतं. आणि खरं सांगा, तुमच्या मोबाइलचा पिन पोराची जन्मतारीखच आहे ना? तो आधी बदला.

दुसरं, ठिकाण. मोबाइलच्या कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर फोटो कुठे काढला ते फाइलमध्येच लिहिलं जातं. गॅलरीत फोटोची माहिती उघडा. नकाशा दिसला तर समजा चालू आहे. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला तर ही माहिती निघून जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तशीच राहते. क्वालिटी जाऊ नये म्हणून आम्ही फोटोवाले नेमके डॉक्युमेंट करूनच पाठवतो, तेव्हा माझ्यासारख्यालाही विचारत जा.

कानबाईला, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या उत्सवाला, तर मजाच. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी पुणे, नाशिक, सुरत, जिथे असतील तिथून भाऊबंद गावी येतात. नैवेद्याचे रोट होतात आणि सगळं खानदान पोरांसकट लाइव्ह. म्हणजे पुण्याच्या घराला दोन दिवस कुलूप आहे, ही जाहिरात आपणच केली. फोटो काढा की भरपूर, टाका मात्र परतल्यावर.

काही फोटो कुठेच टाकू नका, फॅमिली ग्रुपवरसुद्धा नाही : आंघोळीचे, तेल लावून उन्हात झोपवलेले, चड्डीवरचे, सलाइन लावलेले. आपल्याला ते बाळ दिसतं. असे फोटो गोळा करणाऱ्याला बाळ दिसत नाही. आता तर एआयची असली अ‍ॅप आहेत की कपड्यातल्या फोटोचाही नागडा फोटो बनतो. म्हणून चेहरा जवळून, स्वच्छ, समोरून असा फोटो मी जाहिरातीला वापरतच नाही. पाठमोरं पोरगं, हातातल्या बांगड्या, पाळण्यावरची फुलं. हे फोटो दिसायलाही बरे असतात, माझ्या मते जास्तच.

सेटिंगचं पाच मिनिटांत उरका. व्हॉट्सअ‍ॅपचा डीपी ‘माय कॉन्टॅक्ट्स’वर आणा. स्टेटसला ‘ओन्ली शेअर विथ’ निवडून घरची माणसं घाला, नाहीतर गॅसवाला आणि प्लॉटचा एजंटही बघतो. फेसबुकवर ‘लिमिट पास्ट पोस्ट्स’ दाबलं की जुन्या सार्वजनिक पोस्ट फक्त मित्रांपुरत्या होतात. इन्स्टा प्रायव्हेट. तरी स्क्रीनशॉट कोणी अडवू शकत नाही.

खरं जड काम नातेवाइकांचं. सेटिंग बदलता येते, आजी बदलत नाही. माझ्या मोठ्या वहिनीला मी समजवायला गेलो तर म्हणाली, “मना नातूना फोटो मी नई टाकू ते कोन टाकी?” बरोबरच आहे तिचं. भाषण देऊन काही होत नाही, मी करून पाहिलं. तिला दहा फोटोंची छापील अल्बम करून दिली. आता आलेल्या-गेलेल्याला तीच दाखवते. बाकीच्यांना निरोप बाळाच्या आईबापाने आपापल्या नात्यात द्यावा. सुनेने सासरी सांगितलं की रुसवा होतो. कार्यक्रमाच्या आधी, पत्रिका पाठवतानाच सांगा : “फोटो मनसोक्त काढा, टाकायचं आम्ही बघतो.” पंगत बसल्यावर कोणी ऐकत नाही.

पोरगं पाच-सहा वर्षांचं झालं की त्यालाच विचारा. माझ्याकडे शूटला आलेली दुसरीतली एक पोरगी म्हणाली, “काका, दात पडलेला फोटो नको.” आई हसली आणि तोच पाठवा म्हणाली. मी कार्डातूनच उडवला.

कायद्याच्या भरवशावर राहू नका. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्याला मूल धरलंय, त्याची माहिती वापरायला पालकांची संमती घ्यावी असं म्हटलंय. पण आपण घरगुती म्हणून जे करतो ते त्या कायद्यात येत नाही. म्हणजे आईबापाला अडवणारं कोणी नाही. धंद्यासाठी मी मात्र आता सहीचा कागद घेतो.

तरीही फोटो कुणी गैर वापरला तर आधी पोस्टची लिंक, नंबर, तारीख लिहून ठेवा आणि तिथेच रिपोर्ट करा. फोटो अश्लील केला असेल तर पुरावा म्हणूनही कोणाला फॉरवर्ड करू नका, तो स्वतःच गुन्हा होतो. लिंक पोलिसांना द्या. सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर मुलांबाबतची अशी तक्रार नाव न सांगताही करता येते. पैशांची फसवणूक असेल तर 1930 वर फोन करा, मुलाला मदत हवी असेल तर 1098 वर. गुगलच्या शोधात 18 खालच्याचा फोटो येत असेल तर काढायचा अर्ज पालक करू शकतात, मात्र मूळ साइटवरचा त्याने जात नाही.

एक राहिलंच, वाढदिवसाचा फ्लेक्स. चौकात आठ फुटी चेहरा, पूर्ण नाव, शाळा, वय आणि खाली पंधरा शुभेच्छुक. लावायचाच असेल तर नुसतं घरातलं लाडाचं नाव लिहा. आणि छापणाऱ्याकडे फाइल पेनड्राइव्हवर न्या, व्हॉट्सअ‍ॅप करू नका. तो डिझाइन आपल्या स्टेटसला टाकतो आणि फाइल कॉम्प्युटरवर वर्षानुवर्षं पडून असते. छापून झालं की समोर उभं राहून डिलीट करायला लावा, रिसायकल बिनमधूनही.