तापानंतर हृदयाला सूज आली तर घरी काय सांभाळायचं

मिरजेत हृदयविभागात सिस्टर म्हणून काम करताना डिस्चार्जच्या दिवशी एक प्रश्न हमखास येतो. "सिस्टर, ताप तर कवाच गेला, मग धाप का लागतीया?" विचारणारी बहुतेक वेळा आई किंवा बायको असते. एका हातात फाइल, दुसऱ्या हातात गोळ्यांची पिशवी आणि जतची किंवा विट्याची गाडी गाठायची घाई. त्या गडबडीत जे सांगून होत नाही ते इथं लिहिते. फाइलवर 'मायोकार्डायटिस' (हृदयाच्या स्नायूला सूज) किंवा 'डायलेटेड कार्डिओमायोपॅथी' (फुगून दुबळं झालेलं हृदय) लिहिलेलं असेल, तर हे घरातल्या सगळ्यांनी वाचावं, फक्त पेशंटनं नाही.

ज्यांचं निदान अजून झालेलं नाही त्यांच्यासाठी आधी एक गोष्ट. सर्दी-ताप, जुलाब किंवा अंगदुखीचा व्हायरल येऊन गेला आणि त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत जिना चढताना धाप लागू लागली, छातीत दुखलं, धडधड वाढली किंवा चक्कर येऊन माणूस पडला, तर 'अशक्तपणा आहे' म्हणून गावात सलाइन लावून घेऊ नका. हृदयाचा पंप दुबळा झालेला असताना शिरेतून बाटलीभर पाणी चढवलं की ते पुढं ढकललं जात नाही, फुप्फुसात उतरतं. सलाइन लावून घेतल्यावर धापेनं आडवंच होता येईना, बसूनच राहावं लागलं, अशी माणसं मी कॅज्युअल्टीत पाहिली आहेत. आधी ईसीजी, रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हे वाढतं) आणि टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. तरुण पोरगं आहे, याला कसला हृदयाचा आजार, असं म्हणून घरी थांबू नका. हा आजार तरुणांनाही गाठतो.

होतं काय, ते थोडक्यात. कॉक्सॅकी बी, इन्फ्लुएंझा, पार्व्हो, कोरोना, क्वचित डेंगी अशा कितीतरी विषाणूंनी हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते. सगळ्यात बारकाईनं अभ्यास झाला तो कॉक्सॅकी बीचा. तो स्नायूच्या पेशीत कुठल्या दारानं शिरतो ते १९९७ मध्ये सापडलं. आत गेल्यावर तो स्वतःचं एक कात्रीसारखं प्रथिन तयार करतो आणि पेशीचा सांगाडा धरून ठेवणारं डिस्ट्रोफिन कापतो, हे १९९९ मध्ये दाखवलं गेलं. काही मुलांना जन्मतःच स्नायू झिजण्याचा ड्यूशेन नावाचा आजार असतो, त्यांच्यात हेच डिस्ट्रोफिन नसतं. यावरून त्याचं मोल कळेल. पुढं आपलीच प्रतिकारशक्ती विषाणू मारायला धावते आणि त्या झटापटीत चांगला स्नायूही भाजून निघतो. म्हणून ताप उतरल्यावर धाप सुरू होते.

बहुतेकांचं हृदय काही आठवड्यांत, काही महिन्यांत सावरतं. काहींचं सावरत नाही, ते फुगत जातं. मेलेल्या पेशींच्या जागी नव्या जवळजवळ येत नाहीत. स्वीडनच्या संशोधकांनी २००९ मध्ये मोजून सांगितलं की पंचविशीतल्या माणसाच्या हृदयात वर्षाला फक्त एक टक्का पेशी नव्या होतात आणि वय वाढेल तसा तो आकडा आणखी घटतो. म्हणजे जो स्नायू शिल्लक आहे तो जपणं हेच काम. आणि ते दवाखान्यात कमी, घरात जास्त होतं.

मेहनत बंद

आपला सांगली जिल्हा तालमींचा. कवठेपिरानचं नाव हिंदकेसरी मारुती मानेंमुळं सगळीकडं गेलं, कुंडलच्या कुस्ती मैदानाला लोक लांबून येतात. त्यामुळं आमच्याकडं येणाऱ्या पोरांत पैलवानही असतात, आणि त्यांना समजावणं सगळ्यात अवघड. पलूस तालुक्यातल्या एका पोराचे वस्ताद वॉर्डात येऊन मला म्हणाले, "ताई, हलकी मेहनत चालंल न्हवं? अंग सुटतंय त्याचं." मी त्यांना उंदरांचा प्रयोग सांगितला. १९७० मध्ये कॉक्सॅकी बी-३ ची लागण केलेल्या उंदरांना जबरदस्तीनं पोहायला लावलं. आराम करणाऱ्या उंदरांपेक्षा त्यांच्या हृदयात विषाणू कित्येक पटींनी वाढला आणि स्नायूची नासाडीही जास्त झाली. वस्तादांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि मग स्वतःच पोराला सांगितलं की दिवाळीपर्यंत तालमीत पाऊल टाकायचं नाही. वस्तादाचा शब्द माझ्या शब्दापेक्षा वजनदार, म्हणून घरच्यांनी त्यांनाच हाताशी धरावं.

तीन ते सहा महिने जोर-बैठका, पळणं, पोहणं, कबड्डी बंद. परत सुरू करण्याआधी इको, होल्टर (अंगावर यंत्र लावून घेतलेला चोवीस तासांचा ईसीजी) आणि ट्रेडमिलची तपासणी करून डॉक्टरांनी हो म्हटलं पाहिजे. शेतातल्या माणसाला 'व्यायाम बंद' सांगून भागत नाही, कारण तो व्यायाम करतच नसतो, काम करतो. सोळा लिटरचा फवारणीचा पंप पाठीवर घ्यायचा नाही, उसाची मोळी उचलायची नाही, खताचं पोतं ओढायचं नाही. तासगावकडच्या बागायतदारांना ऑक्टोबरची छाटणी डोळ्यांसमोर दिसत असते. यंदा माणसं लावा. घरातल्या घरात फिरणं, स्वतःची आंघोळ, पुढं अंगणात सावकाश चालणं, एवढं डॉक्टर सांगतील तसं वाढवायचं. ताप पुन्हा आला तर तेही थांबवायचं.

वजनाची वही

माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं हेच आहे. हृदय कमजोर झालं की अंगात पाणी साठतं, आणि पायाला सूज दिसायच्या आधी ते काट्यावर दिसतं. डिजिटल काटा घ्या. शहाबादी फरशी वरखाली असते, तिच्यावर ठेवला तर आकडा रोज वेगळा येईल. सपाट जागा शोधून तिथंच कायम ठेवा. सकाळी उठलं की लघवीला जाऊन यायचं, चहाच्या आधी, अंगावर सारखेच कपडे घालून उभं राहायचं आणि आकडा लगेच लिहायचा. लक्षात ठेवीन म्हणणाऱ्यांच्या लक्षात राहत नाही.

शाळेची दोनशेपानी वही पुरते. तारीख, वजन, बीपी, नाडी आणि रात्री किती उशा घेतल्या ते, कारण आडवं झाल्यावर धाप लागू लागली की उशा वाढतात. एका आजींची वही त्यांचा सातवीतला नातू लिहायचा. एका पानावर ओळीनं ६१.४, ६१.५, ६२.६, ६३.७ असे आकडे होते आणि शेवटच्या आकड्यासमोर त्यानं लिहिलं होतं, 'आज्जी बसून झोपली'. त्या पोराला कुणी शिकवलं नव्हतं, पण आजार त्यानं बरोबर पकडला होता. तीन दिवसांत दोन किलोपेक्षा जास्त वाढ झाली तर ती चरबी नसते, पाणी असतं. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. दुपारच्या वेळी नडगीवर अंगठा दहा सेकंद दाबून बघा, खड्डा राहिला तर तेही लिहा. आडवं झाल्यावर येणारा कोरडा खोकला, पोट तटतटणं, दोन घासांत पोट भरणं, हीसुद्धा पाण्याचीच लक्षणं. त्यावर खोकल्याचं औषध किंवा ॲसिडिटीची गोळी घेत बसू नका.

मीठ

सगळं मिळून दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, याच्या वर जायचं नाही. वरणातलं मीठ कमी करणं सोपं. खरं मीठ लोणच्यात, पापडात, सांडग्यात, ठेच्यात, फरसाणात असतं. आणि आपल्या भडंगात. मला भडंग किती आवडतो हे घरी विचारा, पण पेशंटच्या हाती वाटी देऊ नका. एक गोष्ट दुकानदार सांगणार नाही: 'लो सोडियम' मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. पेशंटला स्पायरोनोलॅक्टोनसारखी, पोटॅशियम अंगात धरून ठेवणारी हृदयाची गोळी चालू असेल तर पोटॅशियम धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. ते मीठ आणू नका. शहाळ्यातही पोटॅशियम असतं, म्हणून रोजचं शहाळंही विचारल्याशिवाय नको. पाणी किती प्यायचं ते डॉक्टर ठरवतील. मर्यादा दिली असेल तर सकाळीच तेवढं बाटल्यांत भरून ठेवा.

गोळ्या

हृदय दुबळं झालं असेल तर साधारण चार जातींच्या गोळ्या असतात, शिवाय अंगातलं जादा पाणी काढणारी लघवीची. सुरुवातीला बीपी उतरतं, उठताना गरगरतं. सावकाश उठा, आकडा वहीत लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. मनानं अर्धी करू नका. जुलाब-उलट्या लागल्या तर मात्र लगेच फोन करून विचारा, कारण अंगातलं पाणी आधीच कमी झालेलं असताना लघवीची गोळी मूत्रपिंडाला महागात पडते. क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं) आणि पोटॅशियमची तपासणी सांगितलेल्या तारखेला करा.

इकोतला पंपिंगचा आकडा सुधारला की गोळ्या बंद करायचा मोह सगळ्यांना होतो. लंडनमध्ये हेच तपासलं गेलं, २०१८ मध्ये निकाल आला. फुगलेलं हृदय पूर्ववत झालेल्या लोकांपैकी पंचवीस जणांची औषधं देखरेखीखाली कमी करत बंद केली. सहा महिन्यांत त्यातल्या अकरा जणांचा आजार उलटला. ज्यांची औषधं चालू होती त्यांच्यापैकी त्या काळात एकाचाही नाही.

अंग दुखलं म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन आणू नका. त्यानं अंगात मीठ-पाणी अडतं. पॅरासिटामॉल चालतं का ते आधी विचारून ठेवा. ताकदीची पुडी, बिनलेबलचं चूर्ण, तालमीतलं इंजेक्शन यांना घरात जागा नको. दारू आणि तंबाखूही बंद. फ्लूची लस कधी घ्यायची ते पुढच्या भेटीत विचारा.

रात्री धाप वाढली तर

पेशंटला आडवं करू नका. पाय खाली सोडून खुर्चीत बसवा आणि १०८ ला फोन करा. बेशुद्ध पडणं, छातीत दुखणं, ओठ निळे पडणं, गुलाबी फेसाचा खोकला, यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही. निघताना फाइल, गोळ्यांची पिशवी आणि वही घ्या. कॅज्युअल्टीत पहिलंच वाक्य हे बोला: "व्हायरलनंतर हृदयाला सूज आली होती, शेवटच्या इकोत पंपिंग इतकं होतं, कालपासून वजन इतकं वाढलंय." मग सलाइन लावायच्या आधी ड्यूटीवरचा डॉक्टर इको मागवेल.