बालनाट्य बसवताय? संहितेचे हक्क आधी पाहा
उन्हाळी शिबिराचं बालनाट्य सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात लावायचं असेल, तर संहितेच्या सुरुवातीचं पान नीट वाचा. प्रयोगाची परवानगी कुणाकडून घ्यायची, हे बहुधा तिथेच छापलेलं असतं. मूळ पुस्तक जुनं म्हणून नवं रूपांतर फुकट होत नाही. साने गुरुजी १९५० साली गेले; लेखकाच्या मृत्यूनंतर कॉपीराइट टिकतो ती ६० वर्षं २०१० अखेर संपली. त्यामुळे ‘श्यामची आई’वरून नाटक तुम्ही स्वतः खुशाल लिहा. दुसऱ्याचं अलीकडचं नाट्यरूपांतर करायचं, तर त्याची लेखी परवानगी हवी. फोनवरचं ‘करा की ओ!’ पुरत नाही. शाळेच्या उपक्रमात विद्यार्थी-शिक्षकांनी फक्त शाळेतल्या मंडळींपुढे आणि मुलांच्या पालकांपुढे केलेल्या प्रयोगाला कायद्यात सूट आहे. बाहेरचे प्रेक्षक बोलावले की ती गेली.