कोंबडी पिसे फुगवून कोपऱ्यात बसली तर

कोंबडी आजार लपवते. अशक्त दिसली की बाकीच्या टोचायला लागतात, म्हणून अंगात थोडी ताकद आहे तोवर ती कळपाबरोबर दाणे टिपत फिरते. पिसे फुगवून, मान आखडून, पंख टाकून बसलेली दिसते तेव्हा दुखणे बहुधा दोन-तीन दिवस मुरलेले असते. उद्या बघू म्हटले तर उद्या ती मेलेली सापडण्याची शक्यता बरीच.

सगळ्यात आधी मोजा: एकच कोंबडी मलूल आहे की अनेक? दोन-चार एकदम आडव्या पडल्या, तुरे निळे-काळे झाले, डोके सुजले किंवा कसलेही लक्षण नसताना मर लागली, तर घरगुती उपचाराचा विचार सोडा. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नका, कापून बघू नका, शेजाऱ्याला 'खाऊन टाका' म्हणून देऊ नका. पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. १९६२ हा टोल-फ्री क्रमांकही आहे. २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापुरात आणि २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्यात बर्ड फ्लू आढळला होता. परसातल्या कोंबड्या त्यापासून सुरक्षित असतात असे समजू नका.

एकटीच बसून असेल तर ती खुडूक (अंडी उबवायला बसलेली) नाही ना, हे पाहा. खुडूक कोंबडी अंड्यांच्या जागी चपटी होऊन बसते, हात नेला की गुरगुरते, टोचते, आणि दिवसातून एकदा उठून खाऊन मोठी घाण वासाची शीट टाकते. तिला औषध नको. आजारी कोंबडीला उचलले तर ती विरोधच करत नाही.

आता तिला वेगळी करा. डालगे किंवा मोठे खोके घ्या, तळाला जुने गोणपाट किंवा कागद अंथरा (भुसा नको, शीट दिसली पाहिजे). जागा कोरडी, वारा न लागणारी, शांत. थंडी-पावसात एका कोपऱ्यावर ४० वॉटचा साधा बल्ब फूटभर उंच टांगा, म्हणजे गरम वाटले तर तिला दुसऱ्या बाजूला सरकता येईल. खोक्यात २७ ते ३० अंश पुरे. कोंबडीचे अंग मुळातच ४१ अंशांच्या आसपास असते, त्यामुळे हाताला गरम लागले म्हणून ताप समजू नका. रोज आधी निरोगी कोंबड्यांचे दाणा-पाणी करायचे आणि शेवटी आजारीचे. उलटे केले तर रोग तुमच्याच हाता-चपलांवरून खुराड्यात जातो.

खाण्याआधी पाणी. ओआरएसचे एक लिटरचे पाकीट एक लिटर पाण्यात, किंवा लिटरभर पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ वाढवू नका, कोंबडीला ते लवकर बाधते. हे पाणी एक-दोन दिवसच द्या. स्वतः पीत नसेल तर सुई काढलेल्या सिरिंजने चोचीच्या कडेवर थेंब सोडा, ती गिळेल तसे पुढचे. अर्ध्या-अर्ध्या तासाने दोन-तीन मिली. चोच फाकवून घशात ओतू नका. श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मागेच असते, पाणी तिथे शिरले की आजाराआधी तुमचा उपचारच तिला मारतो. तरतरी आली की मऊ भात, भिजवलेली कणी, उकडलेल्या अंड्याचा कुस्करलेला बलक, थोडे थोडे.

मग तपासणी. छातीचे हाड चाचपा: सुरीसारखे टोकदार लागले आणि दोन्ही बाजूंचे मांस गेले असेल तर आजार जुना आहे, जंत असण्याची शक्यता मोठी. शेपटीखालची पिसे बाजूला करा. पिसांच्या मुळाशी पांढरट गठ्ठे म्हणजे उवांची अंडी. तुरा फिका असेल आणि दिवसा काही सापडत नसेल, तर रात्री बॅटरी घेऊन खुराड्यातल्या दांड्यांच्या फटी बघा. तांबडे बारीक किडे रात्रीच बाहेर येऊन रक्त पितात. असतील तर खुराडे रिकामे करून फटींना चुना लावा आणि कोंबड्यांना राख-मातीची अंघोळ ठेवा. पिकावरचे कीटकनाशक कोंबडीवर फवारू नका.

छातीवर, तिच्या उजव्या बाजूला अन्नाची पिशवी असते. ती सकाळी दाणा टाकण्याआधी चाचपा, तेव्हा रिकामी हवी. घट्ट गोळा लागला तर लांब गवत, सुतळी किंवा प्लास्टिक अडकले आहे: दाणा बंद, दोन मिली गोडेतेल थेंब-थेंब द्या, आणि दिवसातून तीन-चार वेळा हलक्या हाताने चोळा. पाण्याच्या फुग्यासारखी लिबलिबीत असेल आणि चोचीला आंबूस वास येत असेल तर आत अन्न आंबले आहे. कोंबडी उलटी धरून ते ओकवण्याची पद्धत सर्रास दिसते, पण त्यात ते पाणी फुप्फुसात जाते. एका दिवसात फरक नसेल तर डॉक्टर.

शेपटी खाली पाडून, पाय फाकून, उभी-उभी कुंथणारी कोंबडी अंडे अडकल्याची असते, विशेषतः पहिलटकरीण. कोमट पाण्यात (मनगटाला ऊन लागेल इतपत) पोटापर्यंत वीस मिनिटे बसवा, पुसून कोरडी करा, गुदद्वाराला आतून-बाहेरून खोबरेल लावा आणि अंधाऱ्या उबदार जागी ठेवा. पोट दाबून अंडे काढायला जाऊ नका. आत फुटले तर कवचाने जखम होऊन ती जाते. पुन्हा होऊ नये म्हणून शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात कायम ठेवा.

शीट बरेच सांगते. दिवसात काही वेळा येणारी चिकट, तपकिरी, घाण वासाची शीट नेहमीचीच. तिला हगवण समजून अनेक जण उगाच औषध देतात. गडद हिरवी शीट उपाशीपणातही येते. पण हिरवी पातळ हगवण, तोंड उघडून श्वास, पंख-पाय लुळे आणि मान पिळवटणे एकत्र दिसले तर ती मानमोडी, म्हणजे राणीखेत. तिच्यावर औषध नाही, लसच आहे: पाच ते सात दिवसांच्या पिल्लाला लासोटाचा एक थेंब डोळ्यात, चार-पाच आठवड्यांनी पुन्हा, आणि आठ-दहा आठवड्यांना आर-टू-बीचे इंजेक्शन. कुपीत शेकडो डोस असतात आणि कालवलेली लस दोन तासांत संपवावी लागते, म्हणून वाडीतल्या चार घरांनी मिळून आणा. आजारी पक्ष्याला लस देऊ नये.

रक्ताळलेली शीट आणि फिका तुरा, तोही पावसाळ्यात ओल्या अंथरुणावर वाढणाऱ्या तलंगांत (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्यांत), म्हणजे बहुधा रक्ती हगवण. डॉक्टरांनी दुजोरा दिला की अँप्रोलियम २० टक्के पावडर, पिण्याच्या पाण्यात लिटरला १.२ ग्रॅम, तीन ते पाच दिवस. दुसरे पाणी समोर ठेवायचे नाही. हे औषध बी-१ जीवनसत्त्वाला अडवूनच काम करते, त्यामुळे त्याच दिवसांत बी-कॉम्प्लेक्सचे टॉनिक दिले तर औषध वाया. ओले अंथरूण काढले नाही तर आठवड्यात पुन्हा तेच.

घरातल्या उरलेल्या अँटिबायोटिकची अर्धी गोळी देण्याची सवय सोडा. विषाणूवर ती चालत नाही, आणि डोस चुकला की पुढे खरी गरज असताना लागू पडत नाही. कुठलेही औषध चालू असताना अंडी खायची किती दिवस थांबायची, ते पाकिटावर पाहा किंवा डॉक्टरांना विचारा.

वैशाख-जेठात विदर्भ-खानदेशात भर दुपारी चोच उघडून धापा टाकणारी कोंबडी आजारी नसून तापलेली असते. सावलीत आणा, पाय आणि तुरा साध्या पाण्याने भिजवा. बर्फाचे पाणी नको.

दोन दिवस नीट खाऊन शीट बांधीव झाली, तरी तिला लगेच कळपात सोडू नका. बाकीच्या तिला परकी समजून टोचतात. संसर्गाचा आजार असेल तर औषध संपून आठवडाभर वेगळीच ठेवा. मग डालग्याखाली दोन दिवस खुराड्यातच, सगळ्यांना दिसेल अशी ठेवा आणि तिसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर दांड्यावर बसवा.