विगनला जाताय? पहाटे उठा

फिलिपिन्समधल्या विगनला कालिये क्रिसोलोगो हा फरसबंद रस्ता सकाळी सातच्या आत गाठा. नंतर फोटोत घरांपेक्षा माणसंच जास्त येतात. खिडक्या नीट बघा. काचेऐवजी कापिस शिंपल्यांची चौकोनी तावदानं, गोव्यातल्या जुन्या घरांसारखीच! १९९९ पासून हे गाव जागतिक वारशाच्या यादीत आहे.

मग टांगा, म्हणजे कालेसा, ठरवून बुर्नाय मडक्यांच्या भट्टीवर आणि शेजारच्या बान्ताय गावातल्या घंटाघरावर जा. भाडं बसण्याआधीच बोलून घ्या.

संध्याकाळी प्लाझा बुर्गोसला एम्पानादा खा. तांदळाच्या पिठाची केशरी, कुरकुरीत करंजीच ती. सोबत व्हिनेगर हवंच. आत कच्ची पपई, अंडं आणि डुकराच्या मांसाचं सॉसेज असतं, शाकाहारींनी आधीच सांगावं.