ऊर्जेवरून मातीचं मॉडेल बांधताना या चुका टाळा

हायपरप्लॅस्टिसिटीत, म्हणजे ऊर्जेपासून सुरुवात करून मातीच्या कायमच्या विकृतीचं मॉडेल बांधण्याच्या पद्धतीत, आपल्या हातात दोनच फंक्शन असतात. एक मुक्त ऊर्जेचं, म्हणजे माती किती ऊर्जा साठवते त्याचं. दुसरं डिसिपेशनचं, म्हणजे किती ऊर्जा कायमची खर्ची पडते त्याचं. झीग्लरच्या ऑर्थोगोनॅलिटीच्या गृहीतकावर (ऊर्जा खर्ची पाडणारा डिसिपेटिव्ह स्ट्रेस डिसिपेशनच्या डेरिव्हेटिव्हवरूनच ठरतो) हूल्सबी आणि पुझ्रिन यांनी ही चौकट मातीसाठी उभी केली. ही दोन फंक्शन नीट लिहिली की यील्ड (कायमची विकृती सुरू होते ती मर्यादा), फ्लो रूल (ती विकृती कुठल्या दिशेने होते), हार्डनिंग (ती मर्यादा कशी बदलत जाते) हे सगळं डेरिव्हेटिव्ह घेत घेत आपोआप निघतं. तरीही माझ्याकडे तपासायला येणाऱ्या बहुतेक कामांत क्रम उलटाच असतो. आधी आवडीचा यील्ड सरफेस, मग कुठून तरी उचललेला फ्लो रूल, आणि शेवटी रिपोर्टात एक ओळ की मॉडेल थर्मोडायनॅमिक्सच्या नियमांत बसतं. ती ओळ लिहिण्याआधी निदान पुढच्या गोष्टी तपासा.

इलॅस्टिक भागाकडे न बघणं

सगळ्यांत जास्त नुकसान ही चूक करते, कारण तिकडे कुणाचं लक्षच नसतं. पीएचडी करणाऱ्या एका मुलाचं मॉडेल माझ्याकडे आलं होतं. उरणच्या बाजूची मऊ सागरी चिकणमाती आणि तिच्यावर वारंवार येणारा भार. प्रत्येक चक्रात पाया थोडा सरकत होता, तोही भाराच्या उलट दिशेला. हे रॅचेटिंग, म्हणजे चक्रागणिक साचत जाणारी प्लॅस्टिक विकृती, आहे असं त्याच्या गटात ठरलं आणि हार्डनिंगचे पॅरामीटर बदलत बसण्यात त्यांचे कित्येक आठवडे गेले. मी त्याला प्लॅस्टिसिटी पूर्ण बंद करून तेच चक्र पुन्हा चालवायला सांगितलं. पाया तरीही सरकतच राहिला.

कारण साधं होतं. बल्क मॉड्युलस, म्हणजे आकारमान कमी व्हायला होणारा विरोध, दाबाच्या प्रमाणात वाढतो, हे बरोबर. पण त्याने पॉयसन रेशो (एका बाजूने दाबलं की आडवं किती फुगतं ते प्रमाण) स्थिर धरला होता, त्यामुळे शिअर मॉड्युलसही (आकार बदलायला होणारा विरोध) दाबाबरोबर वाढत होता. आता हिशोब बघा. 100 किलोपास्कल दाबाला शिअर मॉड्युलस 5,000 किलोपास्कल धरू, म्हणजे 200 ला तो 10,000 होतो. दाब 100 वरून 200 वर न्या. तिथे डेव्हिएटोरिक स्ट्रेस, म्हणजे आकार बदलवणारा स्ट्रेस, शून्यावरून 50 वर न्या. मग दाब परत 100 वर आणा आणि शेवटी डेव्हिएटोरिक स्ट्रेस शून्यावर आणा. स्ट्रेस जिथून निघाला तिथेच परतला. पण शिअर स्ट्रेन (डेव्हिएटोरिक स्ट्रेस भागिले शिअर मॉड्युलसची तिप्पट) जाताना 0.17 टक्के वाढला आणि येताना 0.33 टक्के कमी झाला. ज्याला आपण इलॅस्टिक म्हणतो त्या मातीत एका फेरीत साधारण 0.17 टक्के कायमचा स्ट्रेन उरला. वर दर घनमीटरमागे जवळपास 42 जूल ऊर्जा मातीने फुकट बाहेर दिली. हजारो चक्रांचा भार असेल तर काय होईल, ते मोजून बघा.

हा दोष झिटिन्स्की, रँडॉल्फ, नोव्हा आणि रॉथ यांनी 1978 मध्येच दाखवून दिला होता. पाठ्यपुस्तकातलं सूत्र तसंच कोडमध्ये उतरवायची घाई असते, म्हणून तो अजूनही भेटतो. शिअर मॉड्युलस स्थिर ठेवला तर ऊर्जा टिकते, पण कमी दाबाला पॉयसन रेशो निगेटिव्ह होतो, हे लक्षात ठेवा. चांगला मार्ग म्हणजे आधी ऊर्जेचं फंक्शन लिहायचं आणि मॉड्युलस त्याच्या दुसऱ्या डेरिव्हेटिव्हवरून काढायचे. हूल्सबी, अमोरोसी आणि रोहास यांनी 2005 मध्ये दाबाच्या घातांकावर चालणारं असं फंक्शन दिलं आहे. त्यात दाब आणि शिअर एकमेकांत गुंततात, स्टिफनेसच्या मॅट्रिक्समध्ये जादा पदं येतात. ती पदं किरकोळ म्हणून पुसून टाकणारेही मी पाहिले आहेत. पुसली की पुन्हा तोच दोष. माझी सवय अशी: यील्डची एकही ओळ लिहिण्याआधी वरचं चौकोनी चक्र चालवायचं. शेवटचा स्ट्रेन शून्य आला नाही, तर पुढे जायचं नाही.

सगळं प्लॅस्टिक काम खर्ची पडलं असं मानणं

रोस्को आणि बरलंड यांचं 1968 चं मॉडिफाइड कॅम क्ले हे चिकणमातीचं मॉडेल घ्या. नॉर्मली कन्सॉलिडेटेड माती (जिने आजच्याहून जास्त दाब कधी सोसलेला नाही) सगळ्या बाजूंनी सारखी दाबली जातेय, म्हणजे दाब प्रीकन्सॉलिडेशन दाबाइतकाच, आजवरच्या सर्वाधिक दाबाइतकाच आहे. प्लॅस्टिक काम म्हणजे हा दाब गुणिले प्लॅस्टिक व्हॉल्युमेट्रिक स्ट्रेन. बहुतेक जण हे सगळंच डिसिपेशनमध्ये टाकतात. हायपरप्लॅस्टिसिटीच्या मांडणीत यील्ड सरफेसच्या एलिप्सचं केंद्र प्रीकन्सॉलिडेशन दाबाच्या निम्म्यावर असतं आणि ते केंद्र म्हणजेच बॅक स्ट्रेस. तो मुक्त ऊर्जेतून येतो. म्हणून या कामातलं निम्मंच खर्ची पडतं, उरलेलं निम्मं मातीत अडकून राहतं. हार्डनिंगचं पद कुठल्या फंक्शनमध्ये घालायचं हा प्रश्न इथूनच सुटतो. ते चुकीच्या फंक्शनमध्ये घातलं तरी एकाच दिशेच्या भाराचा ग्राफ प्रयोगाशी छान जुळू शकतो, आणि नवख्यांना तेवढंच पुरतं. भार उलटा करून बघा, मग दोन मॉडेल वेगळी वागतात.

घर्षण आणि असोसिएटेड फ्लो

सुट्या वाळूला ड्रकर-प्रागर हे घर्षणाचं मॉडेल लावून डायलेशन (शिअर होताना फुगणं) घर्षणाइतकंच ठेवायचं, यालाच असोसिएटेड फ्लो म्हणतात, म्हणजे मॅट्रिक्स सिमेट्रिक राहतो आणि सॉल्व्हर लवकर सुटतो. या शॉर्टकटला माझा ठाम विरोध आहे. डिसिपेशन हे घर्षण आणि डायलेशन यांच्या फरकाच्या प्रमाणात असतं. दोन्ही सारखे ठेवले की ते शून्य होतं. म्हणजे वाळूचे कण एकमेकांवर घासतायत, पण खर्च काहीच नाही. डायलेशन घर्षणाहून जास्त ठेवलं तर थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियमच मोडतो, कारण डिसिपेशन निगेटिव्ह होतं.

याच जागी आणखी एक घोटाळा होतो. घर्षणात डिसिपेशनमध्ये खरा दाब असतो. डेरिव्हेटिव्ह घेताना तो स्थिर धरायचा, फ्लो रूल डिसिपेटिव्ह स्ट्रेसच्या अवकाशात काढायचा आणि मगच खरा स्ट्रेस घालायचा. आधी घातला तर नॉन-असोसिएटेड मॉडेल गुपचूप असोसिएटेड होऊन बसतं.

थोडक्यात बाकीच्या

रेट-इंडिपेंडंट मॉडेलमध्ये, म्हणजे जिथे भाराच्या वेगाने स्ट्रेस बदलत नाही तिथे, प्लॅस्टिक स्ट्रेनचा रेट दुप्पट केला की डिसिपेशनही बरोबर दुप्पट झालं पाहिजे. वर्गाचं पद आलं तर तुम्ही व्हिस्कस मॉडेल लिहिलं आहे.

रेट शून्य असताना डेरिव्हेटिव्ह मिळत नाही म्हणून डिसिपेशनच्या सूत्रातल्या वर्गमुळात छोटा आकडा घालू नका. तिथेच तर इलॅस्टिक रेंज असते.

चिन्हं. आपण दाब पॉझिटिव्ह धरतो, अबॅकस हे सॉफ्टवेअर ओढ (टेन्शन) पॉझिटिव्ह धरतं. यूमॅटच्या, म्हणजे त्यात आपलं मॉडेल घालायच्या कोडच्या, पहिल्याच ओळीत बदला, मधेच कुठे तरी नको.

झीग्लरचं गृहीतक दुसऱ्या नियमापेक्षा कडक आहे. ते न पाळणारं मॉडेलही नियमात बसू शकतं, म्हणून दुसऱ्याच्या कामावर तेवढ्यावरून शेरा मारू नका. आणि आपलं मॉडेल नियमात बसलं म्हणून ते त्या मातीचं झालं असंही नाही. ट्रायएक्सियल चाचण्या (मातीचा नमुना बाजूंनी आणि वरून दाबून केलेल्या) कराव्याच लागतात.

शेवटी, कोडमध्ये प्रत्येक इंटिग्रेशन पॉइंटला, प्रत्येक स्टेपला डिसिपेशनचा आकडा (स्टेपच्या लांबीने भागून) साठवून ठेवा. निगेटिव्ह आला तर टॉलरन्स वाढवायच्या आधी स्टेपची लांबी निम्मी करा. आकडा लहान होत गेला तर चूक इंटिग्रेशनची आहे. तेवढाच राहिला तर ती तुमच्या दोनपैकी एका फंक्शनमध्ये आहे. मग कागदावर परत जाऊन ते फंक्शन तपासा.