नव्या गावातल्या पहिल्या व्यापाऱ्याचे चरित्र कसे लिहावे

सोलापुरात बाहेरून येऊन दुकान थाटलेली घराणी पुष्कळ आहेत. चाटी गल्लीत किंवा मंगळवार पेठेत ज्यांच्या पणजोबांनी पहिली गादी घातली, त्यांची पतवंडे आता त्या माणसाचे चरित्र लिहू पाहतात आणि मला विचारायला येतात. मी त्यांना सांगतो, की घरच्या माणसाला हात घालण्याआधी एखाद्या परक्या व्यापाऱ्याचे आयुष्य कागदावर मांडून पाहावे, कारण तिथे माया आड येत नाही. त्यासाठी मी फ्रान्सिस पेटिग्रोव्ह याचे नाव सुचवतो. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्याकडील ओरेगॉनमध्ये तो १८४३ मध्ये समुद्रमार्गे आला, तिथल्या ओरेगॉन सिटीत त्याने दुकान उघडले आणि पुढे पोर्टलंड शहराच्या संस्थापकांत तो गणला गेला.

सर्वात प्रसिद्ध गोष्ट आधी बाजूला ठेवावी. पेटिग्रोव्ह मेन राज्यातून आलेला, तर त्याचा भागीदार एसा लव्हजॉय हा मॅसॅच्युसेट्सचा वकील. नव्या गावाला आपापल्या मुलखातल्या शहराचे नाव द्यावे असे दोघांनाही वाटत होते. १८४५ मध्ये त्यांनी नाणे उडवले, तीनपैकी दोनदा कौल पेटिग्रोव्हला मिळाला आणि बोस्टनऐवजी पोर्टलंड हे नाव पडले. १८३५ सालचे ते तांब्याचे एक सेंटचे नाणे ओरेगॉनच्या इतिहास संस्थेने जपून ठेवले आहे. गोष्ट खरी आहे आणि गोडही आहे; परंतु हा माणूस पोट कसे भरत होता, उधारी कोणाला देत होता, माल कुठे उतरवत होता, यांपैकी काहीच तिच्यातून कळत नाही.

यानंतर प्रत्येक व्यवहारासमोर तीन प्रश्न लिहावेत: काय दिले, काय घेतले आणि रोख का नव्हती? माझ्या मते चरित्राचा खरा गाभा इथेच हाती लागतो. पोर्टलंडच्या जागेवर आधी विल्यम ओव्हर्टन नावाच्या माणसाने हक्क सांगितला होता, पण नोंदणीसाठी लागणारे २५ सेंट त्याच्यापाशी नव्हते. ते लव्हजॉयने भरले आणि बदल्यात अर्धा हिस्सा घेतला. उरलेला अर्धा हिस्सा ओव्हर्टनने पेटिग्रोव्हला सुमारे ५० डॉलरच्या मालावर विकला. येथे 'मालावर' हा शब्द सोडू नये, कारण त्या काळी ओरेगॉनमध्ये नाणी इतकी दुर्मीळ होती, की तिथल्या हंगामी सरकारने १८४५ मध्ये गव्हाला कायदेशीर चलनाचा दर्जा दिला. आपल्याकडच्या वाचकाला हे समजावणे अवघड नाही. खळ्यावर सुताराला आणि लोहाराला ज्वारीच्या मापाने बलुते घालणारा शेतकरी त्याने पाहिला नसला तरी ऐकलेला असतो. मात्र एक फरक सांगावा: बलुते वंशपरंपरेच्या नात्याने मिळत असे, तर ओरेगॉनातला गहू अनोळखी माणसांमधल्या खरेदी-विक्रीत चाले, आणि म्हणून तो साठवायला, तोलायला व जहाजावर चढवायला वखार लागे.

त्या वखारीसाठी नकाशा उघडावा. विलामेट नदीच्या वरच्या अंगाला, ओरेगॉन सिटीपाशी धबधबा आहे. मोठी जहाजे तिथवर नेणे अडचणीचे होते. खाली पोर्टलंडच्या काठाशी मात्र पाणी खोल होते, आणि पेटिग्रोव्हने तिथे लाकडी ओंडक्यांची वखार व धक्का उभारला. सोलापूरच्या व्यापाऱ्यासाठी हीच तपासणी करताना नदीच्या जागी रूळ धरावेत. १८६० मध्ये रेल्वे येथे आली आणि १८७७ मध्ये 'जुनी गिरणी' ही कापडगिरणी सुरू झाली. आपला माणूस यांपैकी कशाच्या आधी आला आणि कशाच्या नंतर, हे ठरल्याशिवाय त्याच्या धाडसाविषयी एकही ओळ लिहू नये.

जमीन रिकामी होती, असेही लिहू नये. विलामेटच्या काठी चिनूक भाषा बोलणाऱ्या लोकांची गावे होती आणि १८३० नंतरच्या तापाच्या साथींनी त्यांतली बहुतेक ओस पडली. संस्थापकाच्या चरित्रात हे आले नाही तर ते चरित्र खोटे ठरते, असे मी मानतो.

शेवट माणसाच्या निघून जाण्यापर्यंत न्यावा. १८४८ मध्ये पेटिग्रोव्हने आपला हिस्सा डॅनियल लाउन्सडेल या कातडी कमावणाऱ्याला सुमारे ५,००० डॉलर किमतीच्या कमावलेल्या कातड्यावर विकला. या वेळीही नाणी हातात पडली नाहीत. पुढे वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावरील पोर्ट टाउनसेंड हे गाव वसवण्यात त्याने भाग घेतला आणि १८८७ मध्ये तो तिथेच वारला.

इतका सराव झाला की घरची चोपडी काढावी. आमच्या घरची लाल कापडी बांधणीची वही मी प्रथम उघडली, तेव्हा 'श्री' खालच्या मोडी ओळी मला वाचता आल्या नाहीत आणि मी उतावीळपणे थेट शेवटच्या पानावरची शिल्लक पाहिली. त्यामुळे उधारीचा अर्थ लावताना पुढचे दोन महिने मी चुकत राहिलो. म्हणून आधी मोडी जाणणाऱ्याला सोबत बसवावे, रोजकीर्द, म्हणजे रोजच्या व्यवहारांची वही, तारखेप्रमाणे उतरवून घ्यावी, नंतरच खतावणीतली, म्हणजे नावनिहाय खात्यांच्या वहीतली, नावे तिच्याशी जुळवावीत आणि दुकानाच्या जागेसाठी नगरभूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिकेचा उतारा मागवावा.